अधिकाराविना पहारा

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जणांनी विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस कालव्याकाठी सायकलवरून फेऱ्या मारण्याबद्दल तासभर काय बोलणार? शंका रास्त आहे. पण आपल्याला कसलाही अधिकार नसताना दुसऱ्या माणसाला ‘असं करू नका’ म्हणावं का, आणि म्हणायचं तर कोणत्या नात्यानं, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या वर्गात आम्ही वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो. तो प्रत्यक्षात समोर उभा राहिला निवृत्तीनंतर. लेकीकडे मेरिलँडला राहायला आलो आणि वॉशिंग्टन शहरातून निघणाऱ्या एका जुन्या कालव्यावर सायकल-गस्तीचे स्वयंसेवक झालो, तेव्हा.

आता यातलं ‘आम्ही’ हे नुसतं प्राध्यापकी सवयीचं ‘आम्ही’ नाही बरं का. या कालव्यावर हेल्मेट घालून, सायकलच्या पिशवीत हवा भरायचा पंप आणि प्रथमोपचाराची पेटी घेऊन फिरणारे बरेच जण आहेत. त्यात निवृत्त परिचारिका आहेत, सरकारी कचेरीत नोकरी करणारे आहेत, एखादा वकील आहे, आणि आमच्यासारखे गुडघे कुरकुरणारे आहेत. त्या सगळ्यांच्या वतीनं हे ‘आम्ही’.

आधी जागा समजून घेऊ. कालवा म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांपुढे धरणाचं पाणी शेताकडे नेणारा पाट येतो. हा कालवा पाणी नेण्यासाठी नव्हताच, नावा नेण्यासाठी होता. पोटोमॅक नदी खडकाळ, धबधब्यांची. तिच्यातून माल वाहणं कठीण. म्हणून नदीला समांतर, सपाट पाण्याचा एक रस्ता खणला. त्याचं नाव चेसापीक अँड ओहायो कालवा, सगळे त्याला ‘सी अँड ओ’ म्हणतात. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन भागापासून डोंगरातल्या कंबरलँड गावापर्यंत १८४.५ मैल, म्हणजे साधारण २९७ किलोमीटर. वाटेत ६०५ फुटांची चढण. ती चढायला ७४ लॉक, म्हणजे नाव आत घ्यायची, दारं लावायची, पाणी भरायचं आणि नाव वर उचलायची, अशा दगडी कोठ्या. नावेला ना शीड ना इंजिन. काठावरून खेचरं चालायची, त्यांच्या मागे लांब दोर आणि दोराला नाव. ती खेचरं ज्या वाटेवरून चालायची तिला म्हणतात टोपाथ. टोपाथ म्हणजे दोर ओढायची वाट. साधारण बारा फूट रुंद आणि जवळजवळ सपाट. खेचराला सोयीची म्हणून केलेली वाट पुढे सायकलला इतकी सोयीची ठरेल असं कुणाच्या मनात आलं नसणार.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण पुढे त्याचं काम पडणार आहे. ४ जुलै १८२८ ला राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी पहिलं फावडं मारलं. ते मुळाला अडकलं, तेव्हा त्यांनी कोट काढून पुन्हा मारलं. त्याच दिवशी तिकडे बाल्टिमोरला रेल्वेचाही मुहूर्त झाला. रेल्वे कंबरलँडला पोचली १८४२ मध्ये, कालवा पोचला १८५० मध्ये. म्हणजे जन्मतःच हरलेला प्रकल्प! तरी कोळसा वाहत तो १९२४ पर्यंत तग धरून राहिला. त्या वर्षीच्या पुरानं तो मोडला तो मोडलाच. १९३८ मध्ये सरकारनं विकत घेतला. मग मंदीच्या काळातल्या सरकारी रोजगार योजनेतल्या तरुणांनी खालचे २२ मैल पुन्हा उभे केले. हे तरुण कृष्णवर्णीय होते. त्यांच्या तुकड्या वेगळ्या, छावण्याही वेगळ्या. त्या काळचा वर्णभेद होता तसा. आज शनिवारी सकाळी त्या वाटेवर जी गर्दी उसळते ती त्यांच्या फावड्यांवर उभी आहे, हे कालव्यावर चालणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असतं.

पुढे या कालव्यावरून मोटारींचा रस्ता न्यायचं ठरत होतं. १९५४ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’नं अग्रलेखातून त्या रस्त्याला पाठिंबा दिला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना पत्र लिहून आव्हान दिलं, की आधी माझ्याबरोबर हा कालवा चालून बघा. आणि खरंच मार्च महिन्यात कंबरलँडहून ते निघाले, आठ दिवसांत जॉर्जटाउनला आले. निघताना बरोबर पन्नासाच्या वर माणसं होती. अख्खी वाट चालले फक्त नऊ. पण वर्तमानपत्रानं आपलं मत बदललं आणि रस्ता बारगळला. १९७१ मध्ये कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला. न्यायमूर्तींनी हे न्यायालयात बसून केलं नाही, हे लक्षात ठेवा. कोर्टात त्यांच्याकडे अधिकार होता. वाटेवर त्यांच्याकडे फक्त पाय होते.

आता गस्त म्हणजे काय करतो ते सांगतो. आमचा पट्टा शहरातला. जॉर्जटाउनच्या विटांच्या इमारतींपासून ग्रेट फॉल्स या धबधब्यापर्यंत, चौदा-पंधरा मैल. सुरुवातीला दुतर्फा दुकानं, हॉटेलं. थोड्या वेळानं एका बाजूला कालव्याचं स्थिर पाणी, त्यात ओंडक्यावर ओळीनं बसलेली कासवं, आणि दुसऱ्या बाजूला झाडांपलीकडे नदी. या वाटेवर कोण नसतं? बाबागाडी ढकलणाऱ्या आया, मॅरेथॉनचा सराव करणारे, कुत्री, आजीआजोबा, पहिल्यांदा सायकल शिकणारी पोरं, आणि कामावरून घरी जाताना घड्याळाशी शर्यत लावलेले सायकलस्वार. बारा फुटांत हे सगळं. सायकलला वेगमर्यादा ताशी १५ मैल, म्हणजे २४ किलोमीटर. सायकलवाल्यानं चालणाऱ्याला वाट द्यायची. घोडा किंवा खेचर आलं तर त्यालाही द्यायची. खेचराचा मान जुना आहे! कुत्रा सहा फुटांच्या आतल्या पट्ट्यानं बांधलेला हवा. पुढे जाताना घंटी वाजवायची.

घंटीचंच बघा. ऐकायला क्षुल्लक वाटतं. तिकडे उजव्या बाजूनं चालायचं आणि डावीकडून पुढे जायचं. तुम्ही मागून ‘डावीकडून येतोय’ असं ओरडलात, की काही माणसं दचकून नेमकी डावीकडेच सरकतात, कारण त्यांना एकच शब्द ऐकू आलेला असतो. म्हणून अनुभवी गस्तवाले लांबूनच, म्हणजे वीस-पंचवीस पावलांवरून, एकदा हलकी घंटी वाजवतात, मग वेग कमी करतात, माणसानं मान वळवली की मग पुढे जातात आणि जाताना ‘धन्यवाद’ म्हणतात. कानात गाणी घातलेल्या माणसाला घंटी ऐकूच जात नाही. त्याच्यामागे मुकाट्यानं चालण्याच्या वेगानं जावं लागतं. नव्या स्वयंसेवकाला सगळ्यात अवघड जातं ते हे मागे मागे जाणं. चांगली सायकल चालवता येणाऱ्या माणसाला हळू चालवणं जड जातं.

गस्तीतला बराच वेळ असल्याच गोष्टींत जातो. कुणाची ट्यूब पंक्चर, कुणाची साखळी उतरलेली. कुणाला स्वच्छतागृह किती लांब ते हवं असतं. रात्रीच्या वादळात झाड आडवं पडलेलं असतं, त्याचा फोटो काढून मैलाच्या खांबाचा आकडा लिहून कळवायचा. काठाला भगदाड पडून पाणी झिरपतंय का ते पाहायचं. कालव्याच्या काठाची छोटी गळती मोठी व्हायला वेळ लागत नाही. हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. सप्टेंबर २०१८ मध्ये मुठा कालव्याची भिंत दांडेकर पुलाजवळ फुटली आणि पाणी वस्तीत शिरलं, ते तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिलंय.

आणि मैलाचा खांब. गस्तीतली सगळ्यात उपयोगी वस्तू कोणती असं विचाराल तर आम्ही पंप म्हणणार नाही, प्रथमोपचाराची पेटीही म्हणणार नाही. आपण कुठे उभे आहोत हे ठाऊक असणं. कुणी पडलं, कुणाच्या छातीत कळ आली, तर घाबरलेला माणूस फोनवर सांगतो, ‘आम्ही कालव्यावर आहोत, झाडं आहेत, पाणी आहे.’ अहो, २९७ किलोमीटर झाडं आणि पाणीच आहे! ‘दहाव्या खांबाच्या पुढे दोनशे पावलं, नदीच्या बाजूला’ असं सांगणारा माणूस तिथे असला की रुग्णवाहिकेला कुठल्या वाटेनं आत यायचं ते कळतं. म्हणून आम्ही जाता येता आकडे म्हणत जातो. पाढ्यांसारखे.

तिसरी गोष्ट नदीची. ग्रेट फॉल्सच्या खाली पोटोमॅक एका अरुंद घळीतून जाते. वरून पाणी शांत दिसतं, खाली ओढ भयंकर. त्या घळीत पाण्यात उतरायला बंदी आहे, आणि तिथे माणसं बुडाली आहेत, चांगली पोहणारीसुद्धा. उन्हाळ्यात तरुणांचं टोळकं चपला काढून खडकावर उभं असतं. आणि इथे आमचा खरा विषय सुरू होतो. कारण त्या टोळक्यापुढे सायकलवरून उतरलेला सत्तरीचा माणूस काय करू शकतो? दंड करता येत नाही. नाव विचारता येत नाही. अडवता तर येतच नाही.

हे असं का, याचं उत्तर अमेरिकेच्या कायद्यात आहे आणि ते आम्हाला फार विचार करण्यासारखं वाटतं. १८८४ मध्ये तिथल्या संसदेनं सरकारी खात्यांना फुकटची सेवा स्वीकारायलाच मनाई केली. फुकट मिळतंय ते नको? हो, नको. कारण असं व्हायचं, की खात्याचे पैसे संपले की वरिष्ठ खालच्यांना म्हणायचे, ‘स्वेच्छेनं’ काम करा. आणि मग ते लोक नंतर पगार मागायला यायचे. स्वेच्छा या शब्दाखाली काय काय खपवता येतं ते त्या लोकांना नीट कळलं होतं. तातडीचा प्रसंग सोडला तर ही मनाई आजही आहे. मग उद्यानांत स्वयंसेवक कसे? त्यासाठी १९७० मध्ये खास कायदा करावा लागला. त्यात सरकारला स्वयंसेवक घेण्याची मुभा दिली, पण चार कुंपणं घातली. स्वयंसेवकाला धोक्याचं काम द्यायचं नाही, त्या कामात तो तरबेज असल्याशिवाय. कायदा बजावण्याचं काम द्यायचं नाही. धोरण ठरवण्यात घ्यायचं नाही. आणि त्याच्यामुळे कुठल्याही नोकरदाराची जागा जाता कामा नये. वर एक सोय अशी, की काम करताना इजा झाली तर भरपाईपुरता तो सरकारी नोकर धरला जातो. आम्ही कायद्याचे अभ्यासक नाही, पण इतक्या थोडक्या शब्दांत स्वयंसेवेचं इतकं चांगलं तत्त्वज्ञान फार क्वचित वाचलंय.

तर कायदा बजावण्याचा अधिकार काढून घेतला. मग उरलं काय? लोक म्हणतात, काहीच उरलं नाही, नुसता देखावा. आमचं मत नेमकं उलटं आहे. अधिकार असलेला माणूस कारण न सांगता काम भागवू शकतो. शिपायानं ‘चला, निघा’ म्हटलं की पुरे. त्याला समजावत बसायची गरज नाही आणि बहुधा वेळही नाही. आमच्याकडे कारणाखेरीज दुसरं काही नाहीच. मोकळ्या कुत्र्याच्या मालकाला ‘नियम आहे’ म्हटलं तर तो म्हणतो, ‘माझा कुत्रा कुणाला चावत नाही.’ आणि ते बहुतेक वेळा खरंही असतं! मग सांगावं लागतं, की प्रश्न तुमच्या कुत्र्याच्या स्वभावाचा नाही. मागून येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलीला तो स्वभाव ठाऊक नाही. तो सायकलच्या पुढ्यात आला तर चाकाखाली त्याचाच पाय जाईल. यावर काही जण पट्टा लावतात. काही जण आम्ही वळणाआड होईपर्यंत लावतात. आणि काही जण आम्हाला चार शब्द सुनावतात. त्या तिसऱ्यांपुढे आम्ही ‘शुभ दिवस’ म्हणून पुढे जातो, आणि तेच करायला आम्हाला शिकवलेलं असतं.

कांटनं १७८५ मध्ये लिहिलेल्या नीतिशास्त्रावरच्या छोट्या पुस्तकात म्हटलं, की माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नका. वर्गात हे वाक्य शिकवताना मुलं जांभया द्यायची, कारण उदाहरणं सगळी खोटी वचनं आणि आत्महत्या अशी जड असायची. आज शिकवायचं झालं तर आम्ही हे पट्ट्याचं उदाहरण घेऊ. ज्याला तुम्ही भाग पाडू शकत नाही, त्याच्याशी तुम्हाला तो विचार करणारा प्राणी आहे असं मानूनच बोलावं लागतं. अधिकार नसणं ही इथे उणीव नाही. तीच बोलण्याला वळण लावते. खडकावरच्या त्या पोरांनासुद्धा ‘मनाई आहे’ म्हटलं की ती हसतात. त्याऐवजी आम्ही एक काठी पाण्यात टाकतो आणि ती कुठे जाते ते बघायला सांगतो. काठी पाच-सात हात सरळ जाते, मग एकदम आत ओढली जाते, आणि वर येते ती भलत्याच ठिकाणी. नंतर फारसं बोलावं लागत नाही. तरीही पोरं उतरलीच तर अधिकार असलेल्यांना फोन करायचा, आणि मदत येईपर्यंत तिथेच थांबायचं. आपण पाण्यात उडी मारायची नाही. ते धोक्याचं काम, आणि कुंपण त्यासाठीच आहे.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं गोड बोलणं ठीक, पण राखण अशी होते का? दंडाशिवाय कोण ऐकतं? यावर एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीनं फार महत्त्वाचं काम केलंय. १९९० मध्ये त्यांचं पुस्तक आलं, २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. सामाईक कुरणं, सामाईक जंगलं, सामाईक पाणी शतकानुशतकं कुणी कशी सांभाळली, हे त्यांनी जगभरची उदाहरणं तपासून पाहिलं. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचे शेतीचे कालवेही त्यांत होते. त्यांना आढळलं, की जिथे राखण टिकली तिथे राखणारे एक तर वापरणारेच होते, किंवा वापरणाऱ्यांना जबाबदार होते. आणि चुकणाऱ्याला पहिल्याच वेळी मोठी शिक्षा नव्हती. ती हळूहळू चढत जायची. पाळीपाळीनं पाणी घेणाऱ्या शेतकऱ्यांत तर वेगळा पहारेकरीसुद्धा लागत नाही. ज्याची पाळी पुढे असते तो बांधावर येऊन उभा राहतोच, की आधीचा वेळेवर दार लावतो का नाही! पाहणं हे वापरण्यातूनच निघतं.

यासाठी स्पेनला जायलाही नको. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर बंधारे घालून फड पद्धतीनं पाणी वाटायचे, हे इथल्या काहींना माहीत असेल. त्या व्यवस्थेत पाटकरी असायचा, तो पाटाच्या कडेनं फिरून पाणी नीट जातंय का ते बघायचा. जागल्या असायचा, तो पिकं राखायचा. त्यांना नेमणारे आणि त्यांचा मेहनताना देणारे शेतकरी स्वतः. कालव्यावर सायकल घेऊन निघालं, की आपण त्या पाटकऱ्याच्या घराण्यातले आहोत असं आम्हाला वाटतं. फरक इतकाच, की आम्ही तिथे एरवीही फिरलोच असतो. अंगात ठरावीक सदरा चढवला म्हणून नजर थोडी जागी झाली, एवढंच.

पण जागल्या हा शब्द उच्चारला की मराठी माणसाला तिथेच थांबता येत नाही. गावगाड्यात गावाची राखण कुणाच्या गळ्यात होती? ती वाट्याला आली जन्मानं. महार वतनात राखण होती, निरोप पोचवणं होतं, सरकारी वसूल आणि टपाल वाहणं होतं, मेलेली जनावरं ओढणं होतं. मोबदला नाममात्र, आणि हाक आली की घरातल्या कुणालाही दिवसा-रात्री हजर व्हावं लागायचं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं ते याविरुद्ध. ही वतनं कायद्यानं रद्द व्हायला १९५८ साल उजाडावं लागलं. त्या राखणीलाही कुणी कुणी ‘सेवा’च म्हणत होतं.

म्हणून स्वयंसेवेचं कौतुक करताना आमची जीभ जरा अडखळते. सेवेत कष्ट किती, हे आम्ही बघत नाही. ‘आज जमणार नाही’ असं म्हणायची मुभा आहे का, हे बघतो. सायकल-गस्तीवरचा माणूस पाऊस पडला तर घरी राहू शकतो, आणि त्याला कुणी जाब विचारत नाही. ही मुभा गेली, की स्वयंसेवा आणि वेठ यांच्यात फक्त सदऱ्याचा फरक उरतो. १८८४ च्या त्या कायद्यामागची भीती आणि आंबेडकरांच्या विधेयकामागचा संताप यांची जात एक नाही, त्यांची बरोबरी करू नये. पण ‘स्वेच्छा’ म्हणून जे चाललंय ते खरंच स्वेच्छेनं चाललंय का, हे दोन्हीकडे तपासावं लागलं.

आता पहाऱ्याचाच एक दोष, आणि तो आम्हाला सगळ्यात जास्त टोचतो. पाहणारा माणूस कुणाकडे पाहतो? शहरातला कालवा आहे. पुलाखाली, कोरड्या जागी, एखादा बेघर माणूस पांघरूण घेऊन झोपलेला असतो. वाटेवरचे लोक आम्हाला थांबवून सांगतात, ‘तिकडे एक जण आहे, संशयास्पद वाटतोय.’ काय करतोय? झोपलाय. त्याच वेळी त्यांच्या शेजारून महागड्या सायकलवर कुणीतरी तीस मैलांच्या वेगानं सुसाट जातो, त्याला कुणी संशयास्पद म्हणत नाही. आम्ही स्वतःला एक शिस्त लावून घेतली आहे: अहवालात कृती लिहायची, माणूस लिहायचा नाही. ‘दुसऱ्या लॉकपाशी काच फुटलेली’ हे लिहायचं. ‘तिथे तसले लोक बसतात’ हे नाही. झोपलेल्या माणसाचा श्वास चालू आहे ना एवढं लांबून बघायचं. थंडी फार असेल, किंवा तो आजारी वाटला, तर ‘मदत बोलवू का?’ असं विचारायचं. ‘नको’ म्हणाला तर पुढे जायचं. ही शिस्त लिहायला सोपी आहे, पाळायला नाही. आमच्यासारखा सावळा, दाढी वाढलेला माणूस त्या सदऱ्याशिवाय तिथे रेंगाळला, तर लोक कुणाला थांबवून काय सांगतील, असा विचार मनात येतोच. आणि त्याच वाटेवर, वेगळ्या छावणीत राहून ती वाट बांधणारे ते कृष्णवर्णीय तरुण आठवतात.

शेवटचं कुंपण राहिलं, नोकरदाराची जागा जाऊ न देण्याचं. हे कागदावर स्पष्ट आणि जमिनीवर धूसर आहे. रेंजरची एक जागा रिकामी झाली आणि भरली नाही, तर आम्ही कुणाची जागा घेतली? कुणाचीच नाही, असं हिशेब सांगतो. पण जागा न भरताही चालतंय हे ज्यांच्यामुळे दिसतं, ते आम्हीच. या प्रश्नावर आमच्यात मतभेद आहेत. काही जण म्हणतात, तुम्ही फार खोलात जाता, वाट चांगली राहिली म्हणजे झालं. आमचं म्हणणं असं, की स्वयंसेवकानं आपल्या कामाची यादी करावी तशी आपण न करण्याच्या कामांचीही करावी, आणि ती यादी वरच्यांना लिहून द्यावी. पडलेलं झाड आम्ही कळवू, तोडणार नाही. गळती दाखवू, बुजवणार नाही. त्यासाठी शिकलेली, पगार घेणारी माणसं हवीत, आणि ती नसली तर ‘नाहीत’ हे लोकांना दिसलं पाहिजे. मध्यंतरी अमेरिकेत अर्थसंकल्प अडकून सरकारी कामकाज बंद पडलं, तेव्हा स्वयंसेवकांनाही कामावर यायला मनाई झाली. लोकांना हा वेडेपणा वाटला, की फुकट करतात त्यांना कशाला थांबवायचं? आम्हाला तो त्या जुन्या कायद्याचा शहाणपणा वाटतो. दुकान बंद असेल तर ते बंद दिसू द्या.

किती वेळ द्यायचा, हे आमच्या इथल्या जवळजवळ प्रत्येक नव्या माणसानं विचारलंय, म्हणून तेवढं सांगून थांबतो. परोपकार हे कर्तव्य आहे, पण कुणासाठी, किती आणि केव्हा, यात मोकळीक असते, असं कांट म्हणतो. आम्ही महिन्यातून दोन सकाळी जातो. एप्रिल ते ऑक्टोबर. त्याहून जास्त जाणारे आहेत, वर्षातून चारदाच येणारेही आहेत. ज्यांना सायकल येत नाही ते पायी जातात, आणि खरं सांगायचं तर पायी जाणाऱ्याला काठाची गळती आधी दिसते.

आता तुमचे प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या बाई केव्हापासून हात वर करून आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करू या.